पाला माघाचा, पाणी मृगाचं

वाशीम जिल्ह्यातली झाडं पानं गाळतात ती नेमकी पाण्याची ओढाताण सुरू होते तेव्हा. माघात साग उघडा पडतो. फाल्गुनात कडुनिंब पिवळा होतो आणि बघता बघता सगळा पाला खाली टाकतो. पिंपळाचं आणि अंगणातल्या बदामाचंही थोड्याफार फरकानं तेच. त्यानंतर कोरडे महिने येतात आणि खरा पाऊस मृगात पडतो, कधी आर्द्रात. म्हणजे पाला पडतो फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि तो कुजवणारं पाणी येतं जूनच्या मध्याला. मधल्या तीन-साडेतीन महिन्यांत बहुतेक पाला पेटवला जातो.

‘घरच्या घरी खत’ छापाची एखादी पुस्तिका वाचून इथं कामाला लागलेल्या माणसाचं फसतं ते इथंच. त्या पुस्तिकांत सगळी काळजी वासाची असते, ढीग चिकट झाला तर काय करायचं याची असते. वाशीमच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत ढीग चिकट व्हायची चैन कुठली! सकाळी ओतलेली बादली संध्याकाळपर्यंत उडून जाते. आठवड्यानं ढीग उकरावा तर आतली पानं जशीच्या तशी करकरीत. मग “आपल्याकडं काही खतबित होत नाही” असं म्हणून माणूस काडी लावतो. त्याचं निरीक्षण खरं असतं, निष्कर्ष चुकतो. इथं खत होतं, पण इथल्या वेळापत्रकानं. उन्हाळ्यात पाला साठवायचा आणि झाडाच्या बुडाशी पांघरायचा, पावसाळ्यात कुजवायचा आणि दिवाळीच्या सुमारास खत उपसायचं.

जाळण्याची सवय नुसत्या आळसातून आलेली नाही. अंगणाच्या कोपऱ्यात पाल्याचा ढीग राहिला की त्यात विंचू, सापाचं पिल्लू निघतं, हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. झाडलोट करणाऱ्या बाईला सकाळच्या घाईत ढीग नजरेआड करायचा असतो आणि काडीइतका जलद उपाय दुसरा नाही. होळीत शेणाच्या चाकोल्यांच्या माळांबरोबर थोडा पाला गेला, तर त्याबद्दलही माझं भांडण नाही. वर्षातली एक संध्याकाळ ती. भांडण आहे ते होळीच्या आधी दीड महिना आणि नंतर दीड महिना गल्लीगल्लीत रोज सकाळी धुमसणाऱ्या ढिगांशी.

धुमसणाऱ्या असं मुद्दाम म्हटलं. पाल्याचा ढीग चुलीसारखा लखलखीत पेटत नाही. वरची पानं जळतात, आत हवा पोहोचत नाही आणि ढीग तासन्‌तास धूर सोडत राहतो. अशा अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि अडीच मायक्रॉनहून बारीक कण निघतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून त्या कणांचा बारीकपणा कळावा. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. फेब्रुवारीतल्या सकाळी जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, धूर वर न जाता गल्लीतच बसतो. दम्याचं माणूस घरात असलं तर कोणी पाला पेटवला हे त्याला पाहावं लागत नाही.

“राख तरी झाडांना मिळते ना?” हा पुढचा युक्तिवाद. मिळते, पण काय मिळतं ते पाहावं. पाला जळताना त्यातला कार्बन आणि नत्र धुरावाटे निघून जातात. उरतो चुना आणि थोडं पालाश. राख अल्कधर्मी असते आणि आपली काळी माती आधीच चुनखडीची, अल्कधर्मी, तिचा सामू बऱ्याच ठिकाणी आठच्या आसपास. कोकणातल्या आम्ल मातीला राख मानवते. इथं ती टाकून आपण चुन्यात चुना घालतो. सामू वाढला की मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही आणि संत्र्या-लिंबाची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. आपल्या मातीला तूट आहे ती सेंद्रिय कर्बाची. आणि नेमका तोच आपण धुरात घालवतो.

आता पाला इतका चिवट का असतो ते पाहू. पान गाळण्याआधी झाड त्यातला नत्र आणि स्फुरद खोडात परत ओढून घेतं, साधारण निम्म्याच्या आसपास. हिरवं पान पिवळं होतं ते याच आवराआवरीत. खाली पडतं ते बहुतांशी कार्बनचं सापळ्यासारखं अंग : सेल्युलोज आणि त्याला धरून ठेवणारं लिग्निन. कुजवणाऱ्या जिवाणूंना पंचवीस-तीस भाग कार्बनमागं एक भाग नत्र लागतो. वाळल्या पानांत हे प्रमाण पन्नास-साठाला एक, काही पानांत त्याहूनही वाईट. खायला ढीगभर पण अंगी लागणारं काही नाही, अशी जिवाणूंची अवस्था होते. शेण, गोमूत्र, हिरवं गवत, भाजीची देठं हे सगळं घालायचं ते हा नत्र भरून काढायला. आंबा, फणस, वड यांच्या पानांवर मेणचट थर असतो, सागाचं पान तर सुपाएवढं आणि खरखरीत. ही पानं अख्खी टाकली तर एकावर एक बसून छपराचं काम करतात आणि पाणी आत जाऊ देत नाहीत. चिंच, गुलमोहर, बाभूळ यांची बारीक पानं आपोआप मिसळतात.

या सगळ्यावरचा तोडगा लांबून आणावा लागत नाही. वाशीमच्या पूर्वेला लागूनच यवतमाळ जिल्ह्यातलं पुसद आहे. तिथले गांधीविचाराचे कार्यकर्ते नारायण देवताव पांढरीपांडे यांनी कमी शेणात जास्त खत करण्याची जी पद्धत बसवली, ती त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून देशभर गेली आणि ते स्वतः नाडेप काका झाले. पुढं नाडेपच्या टाक्या रोजगार हमीच्या कामांतही आल्या. विदर्भातल्या बऱ्याच गावांत अशी टाकी बांधलेली दिसते. ती भरलेली दिसत नाही, हे दुःख वेगळं. काही टाक्यांत कुटार ठेवलेलं असतं, काहींत शेळ्या.

नाडेपचं मोठेपण कळायला त्याआधीची पद्धत पाहावी लागते. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूरच्या संस्थेत काडीकचऱ्याच्या खताचं शास्त्र बसवलं. त्यांचं यावरचं पुस्तक 1931 साली आलं. त्याचे सहलेखक यशवंत वाड हे होते, ही गोष्ट आपल्याकडं फारशी कोणी सांगत नाही. इंदूर पद्धतीत खड्ड्यातला माल ठरावीक दिवसांनी उलटापालटा करावा लागतो, म्हणजे आत हवा खेळते. हे काम अंग मोडणारं आहे, आणि आज वावरात निंदणाला माणूस मिळत नाही तिथं खत पालटायला कोण येणार? पांढरीपांडे यांनी पालटणं काढूनच टाकलं. जमिनीत खड्डा करण्याऐवजी जमिनीवर विटांची टाकी बांधली आणि भिंतीतच जागोजाग सात-सात इंचांची भोकं ठेवली. हवा आपली आपण आत जाते.

टाकीचं माप दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंत नऊ इंची. विटा मातीत रचल्या तरी चालतात, फक्त सर्वांत वरचा थर सिमेंटात घ्यायचा. भरण्याआधी आतून शेणकाला शिंपडायचा. मग पहिला थर काडीकचरा आणि पाल्याचा, सहा इंचांचा, वजनानं शंभरेक किलो. त्यावर चार किलो शेण सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात कालवून सारखं शिंपडायचं. त्यावर पन्नास-साठ किलो चाळलेली कोरडी माती, तीही शक्यतो गोठ्यातली, गोमूत्र मुरलेली. वर पुन्हा पाणी मारायचं. असे अकरा-बारा थर होईपर्यंत माल भिंतीच्या दीड फूट वर झोपडीच्या आकारात येतो. मग तीन इंच मातीनं झाकून शेणमातीनं लिंपून घ्यायचं. पंधरा-वीस दिवसांत ढीग टाकीच्या काठाखाली आठ-नऊ इंच खचतो. पुन्हा तसेच थर देऊन भरायचं, पुन्हा लिंपायचं. लिंपणाला भेग पडली की बुजवायची. नव्वद ते एकशेवीस दिवसांत खत तयार.

सगळ्या टाकीला मिळून शेण लागतं नव्वद-शंभर किलो, पाला-काडीकचरा चौदाशे-पंधराशे किलो, माती साडेसतराशे किलो, आणि पाणी दीड ते दोन हजार लिटर. निघतं तीन टनांच्या आसपास खत. आकडा ऐकायला भारी वाटतो, पण त्यात पावणेदोन टन आपणच घातलेली माती आहे हे विसरू नये. ती फुकट गेलेली नसते. कुजताना सुटणारा अमोनिया ती धरून ठेवते, ओल धरते, आणि जिवाणूंचं विरजणही तिच्यातूनच येतं. तरी शेणखताच्या टनाशी नाडेपच्या टनाची सरळ तुलना करणं बरोबर नाही. प्रचारपत्रकं ती करतात आणि मग पहिल्या वर्षी पीक डोलत नाही म्हणून शेतकरी रुसतो.

मला या पद्धतीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते लिंपण. बाकीच्या पद्धती पाणी घालत राहा म्हणून सांगतात. नाडेप सुरुवातीला एकदा भरपूर पाणी मागते आणि नंतर ते उडू नये म्हणून तोंड बंद करते. इथल्या उन्हाला दिलेलं हे चोख उत्तर आहे. तरीही दीड-दोन हजार लिटर पाणी एप्रिलमध्ये आणायचं कुठून? म्हणून वाशीममध्ये टाकी भरायची ती मृगाच्या पावसानंतर. जूनच्या शेवटच्या आठवड्यात भरली तर ऑक्टोबरच्या अखेरीला खत हाताशी येतं, आणि सोयाबीन निघून हरभरा पेरायची वेळही तीच असते.

शहरातल्या घराला दहा बाय सहाची टाकी परवडत नाही आणि तिची गरजही नाही. हार्डवेअरच्या दुकानातून चार फूट रुंदीची, दहा फूट लांबीची तारेची जाळी आणावी. गोल वळवून तारेनं बांधली की तीन फूट व्यासाचा पिंजरा होतो. याहून लहान ढिगात ऊब धरत नाही, हे ध्यानात ठेवावं. नाडेपचा हिशेब इथं साधारण आठव्या हिश्श्यावर येतो : सहा इंच दाबून बसवलेला पाला, त्यावर अर्धा किलो शेण सोळा-सतरा लिटर पाण्यात, त्यावर सहा-सात किलो माती. बाहेरून सोयाबीनचा जुना बारदाना गुंडाळावा आणि वरून शेणमातीनं लिंपावं. घराच्या भिंतीपासून पिंजरा लांब ठेवावा; वाळवीला कोरडा पाला आवडतो आणि तिथून चौकट लांब नसते.

ओल बरोबर आहे का हे मुठीनं कळतं. आतला मूठभर माल घट्ट दाबला की बोटं ओली व्हावीत, फार तर एखादा थेंब यावा. धार लागली तर पाणी जास्त झालं, मूठ उघडल्यावर माल भुसभुशीत विखुरला तर कमी. ऊब तपासायला लोखंडी गज मध्यापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढावा. चांगल्या ढिगात तो हाताला चटका देतो. मोठ्या ढिगाचं तापमान पंचावन्न-साठ अंशांवर जातं आणि त्यात तणांचं बी मरतं. पिंजऱ्यात तेवढी उष्णता येईलच असं नाही, म्हणून तणांबाबत जपून राहावं. खत झाल्यावर ढीग निम्म्याहून खाली बसतो, पान ओळखू येत नाही आणि त्याला पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास येतो. तसा म्हणजे अक्षरशः तोच. दोन्हीकडं तो मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या जिओस्मिनचा असतो.

फेब्रुवारी ते जून पाल्याचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. पाला भरायचा खताच्या रिकाम्या कट्ट्यांत. आधी दोन दिवस उन्हात पसरून ठेवला तर कट्टा भरताना पायानं तुडवून त्याचा चुरा होतो आणि चार कट्ट्यांचा माल एका कट्ट्यात बसतो. सागाची सुपाएवढी पानंही वैशाखात हातानं कुस्करतात. आपल्या उन्हाचा एवढा तरी फायदा करून घ्यावा. चुऱ्यामुळं कुजणंही लवकर होतं. कट्ट्यांची तोंडं बांधून ते विटांवर ठेवावेत, म्हणजे वाळवी लागत नाही आणि विंचवाला दडायला मोकळा ढीग मिळत नाही.

साठवलेल्यातला निम्मा पाला खतासाठी ठेवावा, बाकीचा लगेच झाडांना पांघरावा. गोडलिंब, लिंबू, जास्वंद, पपई, कुंड्या, सगळ्यांच्या बुडाशी तीन-चार इंच थर द्यायचा. खोडाभोवती मात्र वीतभर जागा मोकळी सोडायची; खोडाला ओला पाला चिकटून राहिला की साल कुजते. उघडी काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांतून खालची ओलही उडून जाते. आच्छादनाखाली माती फाटत नाही आणि रोज पाणी मागणारं झाड दोन-तीन दिवस दम धरतं. संत्र्याच्या बागांत कुटाराचं आच्छादन करणारे शेतकरी हेच करतात. पाऊस लागला की तो थर तिथल्या तिथं मातीत मिसळून जातो, वेगळं काही करावं लागत नाही.

सगळंच पिंजऱ्यात टाकण्यासारखं नसतं. गाजर गवत फुलण्याआधी उपटलेलं चालतं, आणि त्यात नत्र चांगला असतो. फुललेलं टाकलं तर खताबरोबर बी घरभर जातं. 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलेलं हे गवत देशभर कसं पसरलं ते आपण पाहतोच आहोत, त्याला आणखी वाहन देऊ नये. हराळी आणि लव्हाळ्याच्या गाठी उन्हात महिनाभर कडक वाळवल्याशिवाय टाकू नयेत. बेशरमीची कांडीही तशीच, ओलसर जागा मिळाली की फुटते. उलट तरोटा जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याकडेला वाटेल तेवढा उगवतो. शेंगा धरण्याआधी कापून आणला तर हिरव्या मालाची चिंता मिटते. कडुनिंबाच्या पाल्यानं जिवाणू मरतात असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तो सुरुवातीला थोडा रेंगाळतो, मग इतरांसारखाच कुजतो. जाड फांद्या चुलीला द्याव्यात. निर्माल्य टाकायला हरकत नाही, फक्त हारांचे दोरे काढून.

आणि पन्न्या. विदर्भातल्या रस्त्यावरचा पाला झाडून गोळा केला की त्यात खर्र्याच्या पन्न्या निघतातच निघतात. चुरगळलेल्या, तंबाखूचा वास येणाऱ्या, पानांच्याच रंगाच्या. अंगणातला पाला स्वच्छ असतो, फाटकाबाहेरचा नसतो. तो निवडताना जीव मेटाकुटीला येतो, पण न निवडता टाकला तर त्या पन्न्या खतात, खतातून कुंडीत आणि कुंडीतून पुढच्या पिढीत जातात. पाल्याच्या खताला वाशीममध्ये पाण्याखालोखाल कोणाचा अडथळा असेल तर तो खर्र्याचा आहे.

कायद्यानं हा प्रश्न घराच्या दारात आणून ठेवला आहे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत बागेतला कचरा प्रत्येकानं आपल्याच आवारात वेगळा ठेवायचा आणि स्थानिक संस्था सांगेल तसा द्यायचा, असं म्हटलं होतं. रस्त्यावर टाकायला, जाळायला मनाई होती. त्याच वर्षी 22 डिसेंबरला अलमित्रा पटेल यांच्या खटल्यात राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घालून साध्या जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला पंचवीस हजार रुपये दंड ठरवला. पावती फाडल्यानं काडीपेटी काही दिवस खिशात राहते. पण पाला द्यायचा कुठं याचं उत्तर नसेल तर लोक पहाटे पेटवतात, एवढाच फरक पडतो. घंटागाडीवाला पाला घ्यायला कुरकुर करतो त्यात त्याची चूक नाही. पाल्याला वजन नाही आणि जागा मात्र सगळी तोच खातो. दोन अंगणांच्या पाल्यात गाडी भरली तर उरलेल्या गल्लीचा कचरा त्यानं कुठं घ्यायचा?

पुण्यात अदिती देवधर यांनी सुरू केलेल्या ‘ब्राउन लीफ’ उपक्रमानं यावर सोपी वाट काढली. ज्याच्याकडं पाला जास्त आहे आणि ज्याला गच्चीवरच्या बागेसाठी तो हवा आहे, अशा दोघांची गाठ घालून द्यायची. पुण्यातल्या बागवाल्यांनी लोकांच्या अंगणातली पाल्याची पोती मागून नेली. वाशीमच्या एखाद्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर हे उद्यापासून होऊ शकतं, त्याला निधी लागत नाही, ठराव लागत नाही. शेत पाच-सात किलोमीटरवर असलेली माणसं जवळजवळ प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांच्या धुऱ्यावर टाकी बांधलेली असेल तर भरायला माल इथं तयार आहे.

नगरपरिषदांकडून अपेक्षा मात्र स्पष्ट आहे. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर या चार नगरपरिषदा आणि मालेगाव, मानोरा या दोन नगरपंचायतींनी फेब्रुवारी ते एप्रिल आठवड्यातून एक दिवस फक्त पाल्याची गाडी सोडावी. गोळा झालेला पाला ओल्या कचऱ्याच्या खतप्रकल्पावरच न्यावा, कारण भाजीपाल्याच्या चिकट ढिगाला जो कोरडा कार्बन लागतो तो हाच आहे. शहरांच्या खताला ‘हरित महासिटी कंपोस्ट’ या नावानं विकायची सोय राज्यानं करून ठेवलेली आहे. गाडीचा वार जानेवारीतच जाहीर करावा. एकदा पानगळ सुरू झाली की लोक वाट पाहत नाहीत.